गाईची बदनामी

आमच्या भाऊजींइतका खोटं बोलायला नालायक माणूस गोंदिया जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि याच माणसाने एका गाईपायी वर्षभर डॉक्टरांना खोटं सांगितलं.

नवेगाव बांधच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथे कुणाची गाय विताना अडली की बोलावणं भाऊजींना. धानाची रोवणी सोडून, पुढ्यातलं ताट सारून ते निघत. बाही खांद्यापर्यंत चढवत, हाताला तेल चोपडत आणि आधी गाईला विचारत, "बाई, हात घालू का?" ताईला पाणी मागतानाही त्यांनी इतका मान दिल्याचं मला आठवत नाही. जनावरांच्या दवाखान्यातून मिळालेल्या लांब हातमोज्यांत त्यांनी दोडक्याचं बियाणं भरून ठेवलं होतं. "प्लास्टिकातून वासराचा पाय समजत नाही," म्हणत.

मग ताप सुरू झाला. संध्याकाळी यायचा, पहाटे अंग घामाने भिजवून जायचा. आठवडाभर बरं, की पुन्हा हजर. मलेरियाच्या गोळ्या झाल्या, टायफॉइडच्या झाल्या, ताईने दृष्ट काढली. कंबर धरली ती धरलीच. त्यांना गोंदियाला नेऊन नेऊन मी थकलो, ते माझ्याहून थकले. डॉक्टर विचारत, "घरी जनावरं आहेत का? आजारी वगैरे?" भाऊजी म्हणत, "सब बढिया है, साहेब."

शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सरळच विचारलं, कुण्या गाईचा गाभ पडला होता का. भाऊजी छताकडे बघू लागले. मीच बोललो. यांच्या तांबडीचा दोनदा पडला, आणि दोन्ही वेळा वासरामागून पडायचा तो, आत अडकलेला जार यांनीच उघड्या हाताने काढला. रक्त तपासलं तर तोच आजार निघाला, गाभ टाकणाऱ्या गाईकडून माणसाला लागणारा. दीड महिना रोज गोळ्या, एकही चुकवायची नाही.

येताना बसमध्ये ते म्हणाले, "घरची गोष्ट काऊन सांगतली तू? आता सारं गाव तिले नावं ठेवन." पुढे पंधरा दिवस माझ्याशी अबोला. गोळ्या मात्र ताईच्या धाकाने घेतल्या. ताप गेला, कंबर काही सुटली नाही.

मागच्या महिन्यात गेलो तेव्हा बोलावणं येऊनही ते खाटेवरच बसून होते. दूर, वेगळ्या बांधलेल्या तांबडीकडे बघत म्हणाले, "मले तुम्ही साऱ्याइनं दवाखान्यात नेलं. तिलेबी असंच दुखत असन, तर तिले कोन इचारते?"

वर्षभर त्यांना गोंदियाला नेताना मी भरपूर चिडलो होतो. कुठं दुखतं, हे मात्र मीही एकदा विचारलं नव्हतं.