भिंतीपलीकडचा वाचक

आयुष्यात मला फसवणारे पुष्कळ भेटले, पण लुटणारा एकच, आमचा शेजारी. फसवणाऱ्यांचं मला काही वाटत नाही. इचलकरंजीहून रिकाम्या हातानं आलेला माणूस लेस्टरच्या बाजारात पायपुसणी विकता विकता मिल्टन कीन्समध्ये गालिच्यांची दोन दुकानं काढतो, ती फसवणाऱ्यांना पुरून उरल्याशिवाय निघत नाहीत. पण या गृहस्थानं माझ्या घरातून अशी वस्तू नेली की जिचा भावही मला करता आला नाही. माझ्या बायकोचं रडणं. लग्नाच्या इतक्या वर्षांत जे माझ्या वाट्याला आलं नव्हतं, ते त्यानं एका दुपारी तिला थिएटरात बसवून काढून घेतलं, आणि वर आमच्या तिकिटांचे पैसेही घेतले नाहीत. शेजाऱ्याच्या आवाजाची तक्रार ऐकायला कौन्सिलमध्ये माणूस आहे. या तक्रारीला माणूस नाही, म्हणून इथे लिहितो.

तो पुण्याचा, कॉम्प्युटरच्या नोकरीतला, चाळिशीला टेकलेला आणि अंगानं वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा. मला 'काका' म्हणायचा, हे मला कधीच आवडलं नाही. त्याची बायको एडिनबराला हॉस्पिटलात डॉक्टर होती. याला तिकडे नोकरी मिळेना, तिला इकडे. अशा वेळी माणसं फोनवर 'जेवलास का, जेवलीस का' करून दिवस ढकलतात. हा रोज संध्याकाळी सातला फोन टेबलावर ठेवून तिला नाटक वाचून दाखवायचा. जुनी संगीत नाटकं, संस्कृतातून मराठीत आलेली, ग्रीकांची, इथल्या इंग्रजांची. गेल्या पन्नास वर्षांतलं काही असेल तर 'अजून मुरलं नाही, काका' म्हणून बाजूला ठेवायचा. राजा, राणी, दासी, विदूषक, सगळं एकटाच करायचा. आमची घरं सेमी-डिटॅच्ड, आणि मधली भिंत बिल्डरनं केवळ लाजेखातर घातलेली. तो राहायला आला त्याच आठवड्यात पलीकडून 'धावा, घात झाला!' अशी किंकाळी ऐकून मी गालिचा कापायची सुरी घेऊन त्याच्या दाराशी गेलो. दार उघडलं तर डोक्यावरून टॉवेल पदरासारखा घेतलेला हा उभा. "सॉरी, काका, राणी मरतेय. दोनच पानं राहिलीत." आतून टेबलावरच्या फोनमधून बाईचा आवाज आला, "कोण आलंय रे? मर ना लवकर, मला राउंडला जायचंय!"

महिन्यातून एका शनिवारी ती दक्षिणेकडे यायची, हा उत्तरेकडे जायचा, आणि मध्ये यॉर्कला भेटून दोघं नाटक पाहायची. त्यांचा अर्धा संसार थिएटरच्या खुर्च्यांवर झाला. मी एकदा त्याला म्हटलं, "अरे, एवढा प्रवास करून बायको भेटते, आणि तिच्याशी न बोलता तीन तास अंधारात बसता? हॉटेलात बसा, खा, प्या, भांडा." तो म्हणाला, "अंधारातच कळतं ना, काका, ती खरंच कशाला हसते ते. फोनवर ती माझ्यासाठी हसते." असल्या बोलण्यानं माझं डोकं उठायचं. तिकिटं नेहमी पूर्ण किमतीची काढायचा. प्रयोगाच्या दिवशी उरलेल्या जागा कशा पदरात पाडून घ्यायच्या हे मी त्याला फुकट शिकवायला तयार होतो, तर म्हणे, "नटाच्या घामावर डिस्काउंट मागू नये." मी म्हटलं, "आणि जिन्यावरचं कार्पेट घेताना माझ्या घामावर मागितलास तो?" त्यावर म्हणतो, "तो तर प्रयोगच होता, काका. मी फक्त माझा संवाद म्हटला."

माझं दुकान त्याला थिएटरच वाटायचं. शनिवारी यॉर्कचा बेत नसला की कोपऱ्यात लिनोलियमच्या गुंडाळीवर येऊन बसायचा. गिऱ्हाईक 'परवडत नाही' म्हणून दाराकडे निघालं की मी पाठ फिरवून दुसराच गालिचा झटकायला लागतो. गिऱ्हाईक थांबतं, घुटमळतं, परत येतं. तीस वर्षांची विद्या आहे ही. एकदा एक बाई अशी अगदी उंबऱ्यावरून परत आली, आणि कोपऱ्यातून टाळ्या पडल्या. "काका, हा पॉज! कुठे शिकलात?" मराठी त्या बाईला कळलं नाही, पण टाळ्या कळल्या. ती गेली ती गेलीच. मी त्याला असा झाडला की शेजारच्या केशकर्तनालयातली माणसं बाहेर आली. तो खाली मान घालून सगळं ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "राग खरा होता, म्हणून मघाच्या सीनपेक्षा हा चांगला झाला."

इथवर त्याचं खूळ मी सहन केलं असतं. पण माझी बायको ऐकायला लागली. आधी स्वयंपाक करता करता ऐकायची. मग पोळ्या साडेसहालाच होऊ लागल्या. मग एक खुर्ची भिंतीला लागली. मी दुकानातून येऊन काही बोलायला गेलो की बोट ओठावर. "हळू. दुसरा अंक चालू आहे." कधी जेवताना मध्येच म्हणायची, "त्या राजानं वेळेवर ऐकलं असतं तर राज्य गेलं नसतं." "कोणाचं राज्य?" मी दचकून विचारायचो. "तुमचं नाही. जेवा." ही बाई माझ्याशी कधी वाद घालत नसे. आमच्यात बोलणं व्हायचं ते बॉयलरचं, भाजीचं आणि मुलाचं. तो लंडनला बँकेत असतो.

मग एका शनिवारी आमच्याच गावात एक जुनी शोकांतिका आली. शेजाऱ्याची बायको मुद्दाम इकडे आली, आणि यानं न विचारता चार तिकिटं काढली. दुपारचा प्रयोग होता. रांगेत आधी तो, मग त्याची बायको, मग माझी, आणि कडेला मी. खरं सांगतो, पहिला अंक मी पायाखालचं कार्पेट बघण्यात घालवला. बरं होतं, पण सांधे चुकीच्या ठिकाणी घेतलेले. दुसऱ्या अंकात त्या नाटकातल्या राणीचं तान्हं मूल जातं. मला वाटलं, आता ही मोठं भाषण करणार. ती काहीच बोलली नाही. खाली बसली आणि बाळाच्या कपड्यांच्या घड्या घालायला लागली. एक झाली की दुसरी. एवढं मोठं थिएटर, पण कोणी खोकलं नाही. आणि माझ्या शेजारून एक आवाज आला, तो मी आधी ओळखलाच नाही. माझी बायको रडत होती. तिनं हात पुढे केला आणि धरला, तो माझा नव्हे. शेजाऱ्याच्या बायकोचा.

आमची एक मुलगी होती. लेस्टरला एका खोलीत राहायचो तेव्हा झाली आणि थोड्याच दिवसांत गेली. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी बाजारात स्टॉल लावला. लावला नसता तर जागा दुसऱ्यानं घेतली असती, आणि मग खोलीचं भाडं कोणी दिलं असतं? हे मी आजही कोणालाही ठणकावून सांगेन. बायको तेव्हा रडली नाही. निदान माझ्यासमोर नाही. मला वाटलं, सावरली. पुढे मुलगा झाला, घर झालं, दुकानं झाली, तो विषय पुन्हा निघाला नाही. आणि त्या दुपारी, तो हात माझ्याकडे न येता पलीकडे गेला तेव्हा, मी तिच्यापासून एका वितीवर बसलो होतो.

प्रयोग सुटल्यावर बाहेरच्या गर्दीत तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "काका, काकूंना आज काही विचारू नका. फक्त गाडी हळू चालवा." माझ्या डोक्यात तिडीक गेली. माझी बायको, माझी गाडी, आणि वेग हा ठरवणार! मी त्याला तिथेच, सगळ्यांसमोर म्हटलं, "आमच्या घरात नाक खुपसायला तुला कोणी बोलावलं होतं?" तो बाजूला सरला. त्यानंतर कित्येक दिवस बायको कामापुरतंच बोलली, आणि संध्याकाळी सात वाजले की त्या खुर्चीवर जाऊन बसायची.

मी दुकानातलं सगळ्यात जाड लोकरी कार्पेट आणलं आणि खाली अंडरलेचा, म्हणजे फोमचा, दुप्पट थर घालून त्या भिंतीवर खालपासून वरपर्यंत ठोकलं. पलीकडचे राजे-महाराजे गपगार झाले. बायकोनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हिरवं का लावलंत? इथे तपकिरी शोभलं असतं." मुलानं व्हिडिओ कॉलवर पाहून त्याच्या इथल्या मोडक्या मराठीत विचारलं, "बाबा, तुमचा भिंत थंड पडतो काय?" मी हो म्हटलं. आणि सात वाजता बायको त्या कार्पेटला डोकं टेकून बसली ती बसलीच. ऐकू काही येत नव्हतं. तरी बसायची. ते मला वाचनापेक्षा जड गेलं.

थोड्या दिवसांनी शेजारी दारात. "काका, काकूंना ऐकू येतंय ना? हल्ली मला वाटतंय, आवाज पलीकडे पोचत नाही."

"पलीकडे म्हणजे कुठे?"

तो कानापर्यंत लाल झाला. "तुमच्याकडे. त्या नाटकानंतर ही मला म्हणाली, आता फोनकडे तोंड करून वाचू नकोस, भिंतीकडे करून वाच. मला नीट ऐकू आलं नाही तरी चालेल."

"तुझ्या बायकोला सांग, माझ्या बायकोला नवरा आहे."

"हो, काका," तो म्हणाला, "काकूंना माहीत आहे ते." त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर त्या भांडणात मी त्याला हरवला असता.

पुढच्या रविवारी मी स्टुलावर चढून पक्कडीनं खिळे उपसायला लागलो. बायको खालून म्हणाली, "आता कशाला काढताय? ते पुढच्या महिन्यात चाललेत. त्यांना एडिनबराला नोकरी मिळाली."

"तुला कोणी सांगितलं?"

"तिनं. आमचं फोनवर बोलणं होतं."

"कशाबद्दल?"

ती खिळे वेचत होती. "आहेत आमची बोलणी," म्हणाली आणि खिळ्यांचा डबा घेऊन आत गेली.

उरलेले आठवडे मीही त्या खोलीत बसू लागलो, नमुन्याचे तुकडे लावायचं निमित्त करून. त्याचं वाचन काही फार थोर नव्हतं. राण्या सगळ्या सर्दी झाल्यासारख्या बोलायच्या आणि पहारेकरी मात्र पुण्याचे वाटायचे. पण एकदा विदूषकाच्या एका वाक्याला मी मोठ्यानं हसलो. पलीकडचं वाचन थांबलं. बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आगगाडीत समोर बसलेल्या माणसाकडे पाहतात, हा कुठला असेल म्हणून. मग पलीकडे तेच वाक्य पुन्हा वाचलं गेलं, जरा जोरात.

तो निघाला त्या दिवशी सामानाच्या गाडीवाल्यानं ऐन वेळी जास्त पैसे मागितले, आणि हा खुळा द्यायला निघाला होता. मी मध्ये पडलो. गाडीवाल्याला जे ऐकवायचं ते ऐकवून ठरल्या भावावर आणला. सामान चढल्यावर शेजाऱ्यानं भर रस्त्यात वाकून मला नमस्कार केला. "ऊठ," मी म्हटलं, "इथले लोक बघतायत." तो उठला, पण गाडीत बसेना.

"काका, एक सांगू? रागावू नका. ती चार तिकिटं मी मुद्दाम काढली होती. ते नाटक कशाचं आहे ते मला माहीत होतं."

"म्हणजे?"

"आठवड्यातले दोन दिवस मी घरून काम करतो. भिंत इकडूनही तेवढीच पातळ आहे. काकू दुपारी एकट्या असल्या की बोलतात. तिच्याशी. नावानं हाक मारून. मला वाटलं, तुम्ही दोघांनी शेजारी बसून ते पाहिलं तर…" जगातल्या सगळ्या राजांचं बोलून दाखवणारा माणूस, पण स्वतःचं वाक्य त्याला पुरं करता येईना.

नाव. आम्ही नाव ठेवलंच नव्हतं. बारसं व्हायच्या आत ती गेली. मी त्याला विचारलं, "काय नावानं हाक मारते?"

"ते मी सांगणं बरोबर नाही, काका," तो म्हणाला. "तुम्ही विचारा." आणि गेला.

आता शेजारी एक म्हातारा इंग्रज राहतो. तो इतका शांत की आहे की नाही कळत नाही. एडिनबराहून बातम्या येतात त्या बायकोच्या फोनवर. तिकडे तो आता वाचत नाही म्हणे. समोरासमोर बसलं की त्याला लाज वाटते. दोघं जेवतात, टीव्ही बघतात, लवकर झोपतात. त्याची बायको म्हणाली, इतकी वर्षं एकत्र राहायची वाट पाहिली, आणि आता सात वाजले की मला फोन वाजावासा वाटतो. मला हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. मी त्याच्यावर अजून रागावलेलोच आहे. जे माझ्या घरात होतं ते त्याला आधी कळलं, याला मी माफी देणार नाही. तरी बरं मात्र वाटलं नाही.

विचारायला मला सगळा हिवाळा लागला. गिऱ्हाइकाच्या मनातली किंमत मी चेहऱ्यावरून वाचतो, पण हा प्रश्न कुठून सुरू करायचा ते कळत नव्हतं. एका रविवारी संध्याकाळी ती खुर्चीवर बसली होती, भिंतीतून काहीही येत नव्हतं, आणि मी एकदम विचारलं, "तिला काय म्हणून हाक मारतेस?"

कुणाला, असं तिनं विचारलं नाही. तिनं नाव सांगितलं.

"पुन्हा म्हण," मी म्हटलं.

तिनं पुन्हा म्हटलं. साधंच नाव होतं, आमच्याकडच्या कुठल्याही मुलीचं असावं तसं. मग तिनं विचारलं, "तुम्ही विचारलंत, हे एडिनबराला कळवू का? त्याला बरं वाटेल."

"नको," मी म्हटलं. "प्रत्येक गोष्टीला प्रेक्षक कशाला?"

ती हसली नाही, पण उठलीही नाही. खोलीत अंधार होत आला होता. दिव्याचं बटण माझ्याच हाताशी होतं. मी ते दाबलं नाही.