मास्तरांची सरळ कात्री

लग्नापासून नवरा-बायकोच्या शिंपीकामाच्या दुकानात एकच रीत होती. मास्तर कापड बेतायचे, वहिनी शिवायच्या. मास्तरांना गर्व एकाच गोष्टीचा.

"खडूची रेघ चुकेल, माझी कात्री नाही," ते गिऱ्हाइकाला ऐकवत.

"हो, आणि कोट आपोआप शिवून होतो," मशीनमागून वहिनी म्हणत.

मग वहिनी जिन्यात घसरल्या. उजवं मनगट प्लास्टरमध्ये गेलं. एका वकिलाचा कोट बेतून पडला होता. मास्तरांनी तो पलीकडच्या गल्लीतल्या शिंप्याकडे शिवायला दिला. शिंपी त्यांच्याच हाताखाली शिकलेला.

कोट आला. पुतळ्यावर चढवला तर डावा खांदा उतरलेला, कॉलर मानेपासून सुटलेली.

"शिवण विसरलास की काय?" मास्तर म्हणाले.

"मास्तर, तुम्ही कापलंत तसंच शिवलंय. उसवून बघा."

तो गेल्यावर त्यांनी उसवलं. कोटाच्या समोरच्या बाजूचे दोन्ही पुढे एकमेकांवर ठेवले. खांद्याच्या वळणावर कात्री ढळली होती. खुंटीवर त्यांचा स्वतःचा कोट होता, मागच्या वर्षी शिवलेला. अंगात चपखल बसणारा. मास्तरांनी त्याचं अस्तर उघडलं. आतली डावी शिवण वळणापाशी हळूच आत घेतलेली होती. बाहेरून कुणाला पत्ता लागला नसता. त्यांना स्वतःलाही लागला नव्हता.

"कधीपासून?" त्यांनी वहिनींना विचारलं.

"काय कधीपासून?"

"अगं, सोंग नको."

"झाली काही वर्षं. तारीख कोण लक्षात ठेवतंय?"

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर कात्री खाली ठेवली असतीत. आणि दिवसभर माझं डोकं खाल्लं असतंत."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी हात समोर धरला. बोटं थरथरत होती. त्यांनी कात्री ड्रॉवरमध्ये टाकली.

"संपलं आपलं. वकिलाला कापड भरून देऊ."

वहिनी उठल्या. वकिलाचं उरलेलं कापड त्यांनी डाव्या हाताने टेबलावर पसरलं, मापून पाहिलं.

"यातून एक पुढा निघतो. काढा कात्री."

"हात ऐकत नाही गं."

"कुठे ऐकत नाही ते मला ठाऊक आहे."

खडूच्या खुणा करून झाल्या. वहिनी समोर बसल्या. डावा तळवा कापडावर ठेवला. कात्री निघाली. खांद्याच्या वळणाआधी वहिनींच्या तळव्याखाली कापड किंचित सरकलं, मग पुन्हा थोडं. हात ढळला, पण कात्री रेघेवरच राहिली.

मास्तरांनी मान वर केली. वहिनी कात्रीकडे पाहत नव्हत्या, खडूकडेही नाही. त्या मास्तरांच्या कोपराकडे पाहत होत्या. हात ढळणार हे त्यांना तिथे आधीच दिसत होतं. मास्तर बघतच राहिले. इतकी वर्षं समोरासमोर बसून त्यांनी कापडाखेरीज काही पाहिलंच नव्हतं.

"अहो, खाली बघा," वहिनी म्हणाल्या. "माझी बोटं कापाल."