चाखण्याच्या खोलीतला कायदा

वहिनीचा फोन आला तेव्हा मी गरियाहाटच्या बाजारात वांगी निवडत होते. वहिनी भरदुपारी कधी फोन करत नाही. "शुभा, येतेस का गं?" एवढंच म्हणाली. रडली नाही. मी पिशवी तिथंच टाकली आणि रिक्षात बसले. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, आणि माझं मन तर जन्माचं वाईट चिंतणारं. पण त्या दिवशी मनाने चिंतलेलंच खरं निघालं. माझा थोरला भाऊ, श्रीधर बर्वे, जेवून पडला होता तो उठलाच नाही. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, तरी दुपारी फोन वाजला की मी दचकतेच.

आमचे वडील नोकरीसाठी कलकत्त्याला आले, आम्ही दोघं इथेच जन्मलो, बालीगंजच्या शाळांत शिकलो. पुण्याच्या नातेवाइकांना दादाचा धंदा काय ते कधी नीट कळलं नाही. "चहा पितो आणि पगार घेतो," असं आमची आत्या सांगत सुटायची. दादा टी-टेस्टर होता. मळ्यांतून लिलावाला येणाऱ्या चहाचे नमुने त्याच्या कंपनीत यायचे. लांबलचक टेबलावर पेले मांडलेले. प्रत्येकातला चमचाभर फुर्रर्र करून ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा आणि कुठला चहा कुठल्या प्रतीचा ते सांगायचं. त्याच्या एका शब्दावर एखाद्या मळ्याचा हंगाम उभा राहायचा नाहीतर बसायचा.

तो मुख्य टेस्टर झाला तेव्हा तिथे नियम असा नव्हताच. मळ्याचे मॅनेजर मिठाई घेऊन थेट टेबलापाशी येऊन बसत, गप्पा मारत, 'आमचा कुठला तो बघा हं' म्हणत. दादाने ते सगळं बंद केलं. डब्यांवरची नावं भिंतीकडे फिरवायची. मळ्याच्या माणसाने दाराच्या आत यायचं नाही. सर्दी असेल, तोंड आलं असेल, तर चमच्याला हात लावण्याआधी आपण होऊन सांगायचं. आणि खोलीत जे ठरलं ते बाहेर बोलायचं नाही. घरी नाही, नोकरी सोडल्यावरही नाही. हा शेवटचा नियम मला भारी झोंबायचा. "अरे, यंदा कुठला चांगला आलाय ते तरी सांग, मी तो आणेन," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "दुकानदाराला विचार." मी त्याला हरिश्चंद्राचा धाकटा भाऊ म्हणायची. तो हसायचा, पण सांगायचा नाही!

मौशुमी नावाची एक हुशार मुलगी त्याच्या हाताखाली नवी लागली होती. तिने एकदा सर्दी लपवली. दादाच्या ते लक्षात आलं आणि त्याने तिला अख्खा हंगाम चाखण्यावरून काढून नमुन्यांच्या गोदामात बसवलं. तिथे ती पहिल्या दिवशी रडली, हे ऐकून मी भांडायलाच गेले. "एवढ्याशा सर्दीने तुझं काय घोडं मारलं होतं रे?" तर म्हणतो कसा, "सर्दीसाठी नाही काढलं शुभा. लपवली म्हणून काढलं."

आणि मग काही वर्षांपूर्वीची ती सकाळ. वहिनी देवळात गेली होती, दादा स्वयंपाकघरात पेपर वाचत बसला होता. मी दार उघडलं तर घरभर करपलेल्या दुधाचा वास. पातेलं काळं पडलेलं, शेगडी त्याच्या हाताच्या अंतरावर, आणि हा शांतपणे अग्रलेख वाचतोय. "दादा, अरे दूध!" त्याने माझ्याकडे पाहिलं, पातेल्याकडे पाहिलं... आणि त्याचा चेहरा असा उतरला की मला दुधाचं काही सुचेचना. त्याने खिडकीतल्या तुळशीचं पान चुरगळून नाकाशी धरलं. मग लवंग. मग माझ्यासमोर हात धरून म्हणाला, "याला वास आहे का गं?"

डॉक्टर म्हणाले, वयाने वास जातो कधीकधी, हळूहळू गेलाय म्हणून तुमच्या ध्यानात आलं नाही. कधीपासून, ते सांगता येणार नाही. हे 'कधीपासून' आमच्या घरात येऊन बसलं ते उठलंच नाही. वहिनी काकुळतीला आली. "रंग दिसतो, पान हाताला कळतं, इतक्या वर्षांचा सराव आहे. रिटायर व्हायला राहिलंय किती? कशाला बोलताय?" मी मान हलवत नव्हते, पण वहिनी जिंकावी म्हणून देव पाण्यात घालून बसले होते. दादा म्हणाला, "मौशुमीला गोदामात कोणत्या तोंडाने पाठवलं मी?"

दुसऱ्या दिवशी त्याने सगळ्यांदेखत सांगितलं. मालक त्याला आत घेऊन गेले. "बर्वेदा, हे चार भिंतींत राहू दे. बाहेर कळलं तर कंपनीचं नाव जाईल." दादाने एकच मागितलं : या हंगामात मी चाखलेला प्रत्येक नमुना मौशुमीने पुन्हा चाखायचा, आणि जिथे माझं चुकलं असेल त्या मळ्याला कळवायचं. मालकांनी बरीच आदळआपट केली. दादा हलला नाही. शेवटी ते मान्य झालं, आणि दादाला निरोप समारंभाशिवाय घरी पाठवण्यात आलं. नवा मुख्य टेस्टर अर्थातच मौशुमी.

त्यानंतरचा दादा मला बघवायचा नाही. चहाचा पेला हातात धरून बसायचा, गार होईपर्यंत. "एखाद्याचा चांगला माल मी हलका ठरवला असेल तर? त्याने कामगार कमी केले असतील तर?" मी म्हणायची, "काही नसेल रे," आणि रात्रभर तोच विचार करत कूस बदलायची. विजयेला, म्हणजे आपल्या दसऱ्याला, मौशुमी न चुकता पाया पडायला यायची. एका विजयेला त्याने तिला विचारायला तोंड उघडलं. "मौशुमी, त्या नमुन्यांत माझे..." ती एकदम ताठ बसली. दादाने तिच्याकडे पाहिलं आणि स्वतःच हात आडवा केला. "नको. सांगू नकोस." तसाच गेला तो, न कळता. याचं मला फार फार वाईट वाटतं.

तेराव्यानंतर ती भेटायला आली. वहिनी आत पडली होती. मी दार लोटलं आणि सरळ तिचे हात धरले. "आता तो नाही गं. आता कुणाचं काय जाणार आहे? मला फक्त सांग, त्याचं चुकलं होतं का?"

तिचे डोळे भरून आले. ओठ हलले. वाटलं, सांगतेय.

"दीदी," ती म्हणाली, "सर असते तर मला गोदामात पाठवलं असतं."

राग आला, इतका की हिला घराबाहेर काढावं. मग तिच्याकडे नीट पाहिलं. तिने माझे हात सोडले नव्हते, आणि तरी सांगत नव्हती. मी उठले, गॅस पेटवला आणि आम्हा दोघींसाठी आधण ठेवलं.