पेवातली वाटणी

हिंदुस्थानच्या राज्यघटनेवर चर्चा करणाऱ्या चार धडधाकट माणसांना मी एकदा मेलेल्यांचं पान वाढलं. त्यातला एक माझा नवरा होता.

निजामाच्या राज्याचे शेवटचे दिवस. मी सोळा वर्षांची, ताडकळसजवळच्या खेड्यात नुकती नांदायला आलेली, आणि स्वतःला लय शहाणी समजणारी. हे शाळामास्तर. त्या दिवशी "बाजाराला जातो" म्हणून सकाळीच निघून गेले होते.

भर दुपारी बारा वाजता मी गोठ्यामागं गोवऱ्या आणायला गेले. पानसुद्धा हलत नव्हतं. तिथं जमिनीत आमचं ज्वारी साठवायचं पेव होतं, दोन पुरुष खोल. त्या वर्षी रिकामं. तोंडावरची फरशी बोटभर सरकलेली, आणि त्या फटीतून गार, आंबूस वारा माझ्या पायांवर येत होता. मागोमाग जमिनीतून घुमत आवाज आला, "फौज त्याच्याकडं. शेती आपल्याकडं."

गोवऱ्या तिथंच! मी धावत सासूबाईंकडं. "आत्याबाई, पेवात कुणीतरी वाटणी करायलंय!"

आत्याबाईंनी येऊन कान लावला आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला. माझे सासरे आणि त्यांचे थोरले भाऊ शेताच्या वाटणीवरून भांडत भांडतच गेले होते.

"दोघंबी हायेत," त्या पुटपुटल्या. "अजून मिटलं न्हाई गं बाई त्यांचं! इच्चार, काय पायजे."

"मी?"

"मंग मी? जित्तेपणी कधी तोंड वर करून बोलले न्हाई त्यांच्याशी!"

मी पालथी पडले, पदर नाकापर्यंत ओढला (सासऱ्यांसमोर उघड्या डोक्यानं कसं बोलणार!) आणि फटीत विचारलं, "मामंजी, काय पायजे?"

खालचं बोलणं कापल्यासारखं थांबलं. मग अगदी बारीक, कोरडा आवाज.

"पाणी..."

आम्ही डोळे मिटून फरशी वीतभर सरकवली. आत्याबाईंनी हळद-कुंकू वाहिलं. शिंक्यात पत्रावळीवर दहीभात, लिंबाची फोड आणि पाण्याचा तांब्या ठेवून मी ते दोरीनं अंधारात सोडलं. दोरीला हिसका बसला! थोड्या वेळानं वर ओढलं, तर भात साफ, आणि पत्रावळीची नीट चौघडी घातलेली. तशी चौघडी घरात फक्त हे घालायचे. मला वाटलं, सवय बापाकडून उचललेली दिसतेय!

तेवढ्यात दारात निजामाच्या पोलिसांचा जवान. मास्तराकडं सरकारविरुद्ध बैठका होतात, अशी खबर होती. सापडला की तुरुंग.

"मास्टर किधर है?" म्हणत तो थेट गोठ्यामागं निघाला.

मी आडवी झाले. "तिकडं नका जाऊ, दादा! आमचे मामंजी बसलेत."

"किधर?"

"जमिनीत."

तो हसला. पण भात पोटात गेल्यावर खालची मंडळी पुन्हा भांडायला लागली होती. त्याच्या बुटाखालून आवाज आला, "जे कोणत्याच यादीत न्हाई, ते कुणाकडं जायचं?"

जवान गेला. कुंपणावरून! त्याची काठी पुढं कैक वर्षं आम्ही वासरं हाकायला वापरली.

मग फरशी आपोआप सरकली. एक पांढरा हात वर आला. मी किंचाळले. हाताच्या मागून, खालच्या तिघा सोबत्यांच्या खांद्यांवर चढलेले, भुशानं माखलेले हे, शिंकत!

"तुला सांगितलं असतं तर गावभर झालं असतं," हे म्हणाले. "दिल्लीत घटना लिहायलेत. तिच्यात कारभाराच्या याद्या पाडल्यात. फौज, चलन केंद्राकडं. शेती, शाळा प्रांतांकडं. आन् दोघांच्याबी डोक्यावर घटना. तिच्याबाहेर राजालाबी जाता येत न्हाई. फक्त यादीबाहेर उरलेलं कुणाचं, तिथं आमचं अडलंय."

"त्यात काय अडायचंय?" आत्याबाई माझ्याकडं बघत म्हणाल्या. (हळद-कुंकू कुणी वाहिलं, ते साफ विसरून!) "धान्याच्या किल्ल्या माझ्याकडं, चूल हिच्याकडं. आन् कोणत्याच यादीत न बसणारा येडेपणा, त्योबी हिच्याकडंच!"