एक बोट वाढवून

दिल्लीकडच्या एका मॉलमध्ये बर्फाचं मैदान आहे. तिथे मी काउंटरवर स्केट द्यायचो. आलेल्याला नंबर विचारायचा, जोडी काढून द्यायची, परत आली की पाती पुसून फळीवर ठेवायची. नववीत शाळा सोडलेल्या माणसाला सावलीतलं, बसायला खुर्ची असलेलं काम मिळालं होतं. ते कधीही जाईल अशी धास्ती मला कायम असायची. म्हणून मी कशालाच नाही म्हणत नसे.

काम शिकवलं लेहच्या एका वयस्क सरांनी. ते तिथे मुलांना आइस हॉकी शिकवायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बाकावर बसवून माझ्याच पायात स्केट घातले. लेस सैल ठेवून पाय पुढे सरकवायचा, बोटं टोकाला लागली पाहिजेत. मग टाचेमागे आपलं एक बोट जेमतेम शिरावं. दोन शिरली तर जोडी मोठी. नंतर टाच मागे आपटून बसवायची, लेस आवळायची आणि उभं राहून गुडघे वाकवायचे. वाकल्यावर पायाची बोटं टोकापासून किंचित मागे येतात, टाच मात्र जागची हलायला नको. ती उचलली की घोटा वळतो, आणि बर्फावर घोटा वळलेलं पोर मी पुढे पाहिलं आहे.

"जूता नहीं है ये," सर म्हणाले. "बढ़ने की जगह मत छोड़ना."

हेच मला पटायला जड गेलं. आमच्या गोंदियाकडे पोराला जोडा घ्यायचा तर बाप सुतळीने पाय मोजतो आणि एक बोट वाढवून गाठ मारतो. पुढच्या साली कामी येते. तोवर टोकात चिंधीचा बोळा.

गोंदियाजवळच्या मुर्री गावात माझी मोठी बहीण राहते. तिची मुलगी तेव्हा अकरा वर्षांची होती. शाळेच्या सिमेंटच्या मैदानावर चाकांच्या स्केटवर हॉकी खेळायची आणि बरी खेळायची. शाळेतल्या सरांनी तिचं नाव बर्फावरच्या चाचणीला पाठवलं. चाचणी नेमकी आमच्याच मैदानावर होती. मी लेहच्या सरांना सहज बोललो. त्यांनी कुणीतरी सोडून गेलेली एक चांगली जोडी फळीवरून काढली आणि म्हणाले, "भांजी के लिए ले जा." नंबर जुळतो का ते पाहायला मी बहिणीला फोनवर माप विचारलं. तिने दोऱ्याने मोजून पट्टीवर धरलं आणि सांगितलं, चोवीस सेंटिमीटर. जुळलं. मला इतका आनंद झाला की पुन्हा विचारायचं सुचलंच नाही.

चाचणीच्या आठ दिवस आधी, मे महिन्याच्या उन्हात मी गावी पोचलो. भाऊजी ओसरीतच बसले होते.

"जयभीम साळेबुवा! बर्फात राहून बी गोरे नाही झाले?"

"तिथं बी कामच करतो, भाऊजी."

भाची आतून धावत आली, स्केट उचलून घरात पळाली आणि दोन्ही पायांत घालून, भिंत धरत बाहेर आली. घामाने थबथबलेली, पण तोंडभर हसणारी.

"बसते, मामा. एकदम बसते."

मी तिला धानाच्या पोत्यावर बसवलं आणि लेस सोडायला लागलो.

"आता कायले सोडून राहिला? बसते म्हणाली ना मी!"

टाचेमागे माझं एकच बोट गेलं, पण तिच्या पायाच्या मानाने जोडी लांब दिसत होती. मग जोडी काढून आत हात घातला. टोकात जुन्या लुगड्याचा बोळा होता, घट्ट वळलेला. दुसऱ्या पायातही तसाच.

बहीण दारात उभी होती. "एक बोट मीच वाढवलं," ती म्हणाली. "वाढता पाय आहे तिचा. तू एवढ्या दुरून आणून राहिला, एका सालात लहान झाले तं?"

"आणि तू काऊन खोटं बोलून राहिली?" मी भाचीला विचारलं.

ती बोळ्याकडे पाहत राहिली. "तू वापस घेऊन जाशीन म्हणून."

मला रागावता आलं नाही. पहिल्या कामावर ठेकेदाराने मला बूट दिले होते, दोन नंबर लहान. "बसले का?" त्याने विचारलं. मी म्हणालो, एकदम बसले. फुकटची वस्तू, त्यात काम नवीन. महिन्याभरात अंगठ्याचं नख गेलं, ते अजून वाकडंच उगवतं. ज्याला कुणी काही देतं त्याला बसतं का विचारण्यात अर्थ नसतो. तो बसतेच म्हणतो.

"हे घालून बर्फावर जायचं नाही," मी म्हणालो.

"मंग बिन जोड्याची पोरगी दिल्लीले कायले नेता?" भाऊजी म्हणाले. "राहू द्या घरीच."

भाची उठून विहिरीकडे गेली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. जेवायला हाक मारली तरी आली नाही.

उपाय एकच होता. काउंटरवरच्या जोड्यांतली एक तिच्यासाठी मागायची. पण मी तिथे कधी काही मागितलं नव्हतं. शिवाय दिलेली वस्तू बसत नाही असं सरांना कोणत्या तोंडाने सांगू? दोनदा नंबर लावून फोन बंद केला. तिसऱ्यांदा त्यांनीच उलटा फोन केला. मी अडखळत सगळं सांगितलं, माफी मागितली.

"तो क्या पैर काट के लाएगा?" ते म्हणाले. "बच्ची को ले आ. जोड़ी यहाँ देखेंगे."

भाऊजींना ते पटलं असं नाही, पण त्यांनी अडवलं नाही. गाडीत भाची खिडकीकडे तोंड करून बसली होती. परत करायचे स्केट माझ्या पिशवीत होते आणि ती त्या पिशवीला पायही लागू देत नव्हती.

चाचणीच्या सकाळी बाकांवर मुलं दाटली होती. मी तिच्यासमोर गुडघ्यावर बसून काउंटरवरची जोडी घातली.

"बसते?"

तिने जवळच उभ्या लेहच्या सरांकडे पाहिलं, घड्याळ बघत मागे उभ्या मॅनेजरकडे पाहिलं. "बसते," ती म्हणाली.

मी लेस आवळली नाही. माझा जोडा काढला, मोजा काढला आणि तो वाकड्या नखाचा अंगठा तिच्यासमोर ठेवला. "मी बी एकदम बसले म्हणालो होतो."

ती हळूच म्हणाली, "अंगठा दबते, मामा."

मी दुसरी जोडी आणली. तिने टाच आपटली, उभी राहिली, गुडघे वाकवले. "टाच उचलते."

"कितने जोड़े निकालोगे, भाई?" मॅनेजर ओरडला.

"एक और, सर," मी म्हणालो. फळीवरून तिसरी जोडी काढायला वळलो. मागून भाचीचा आवाज आला, आता चांगला मोठ्याने:

"मामा, घट्टच आणजो!"