आतल्या बाजूची तारीख

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी बाईंचा विषय काढला की मी स्टँडवरची दुसरीच काहीतरी गंमत सांगायला लागायचो. आता जीप विकून टाकली, आणि जिला हे ऐकवायला हवं होतं तीही उरली नाही. तेव्हा तुम्हीच ऐका.

जीपपाशी आल्या की बाई लगेच आत बसायच्या नाहीत. पिशवी खाली ठेवायच्या, बाटलीतल्या पाण्यानं पदराचं टोक ओलं करायच्या आणि उकिडव्या बसून टायरची कड पुसायच्या. मातीखालून चार आकडे वर यायचे. त्यांवरून बोट फिरवत त्या काहीतरी पुटपुटायच्या, मग पुढच्या चाकाकडे सरकायच्या.

मी पोलादपूरहून उमरठच्या वरच्या वाड्यांपर्यंत माणसं न्यायचो. त्यातल्याच एका वाडीत बाई अंगणवाडी चालवायच्या.

"बाई, टायरचा हात बघताय काय?" कुणीतरी ओरडायचं.

"हो रे. तुझ्या आयुष्याची रेषा हाय हितं," त्या वर न बघता म्हणायच्या.

सगळे हसायचे. बाई मात्र प्रत्येक आकडा पुन्हा एकदा वाचायच्या. त्यांचे यजमान घाटात टायर फुटून गेले होते. त्या फुटलेल्या टायरची नक्षी खोल होती, अगदी नव्यासारखी. मागाहून एका मेकॅनिकनं बाईंना ते आकडे दाखवले. पहिले दोन म्हणजे वर्षातला कितवा आठवडा, पुढचे दोन म्हणजे साल. टायर कुठंतरी पडून पडूनच म्हातारा झाला होता.

"नक्षीवर जाऊ नको रे भाऊ," त्या मला सांगायच्या. "वरून ताजा दिसतो. आत रबर मेलेलं असतं."

उतार लागला की त्या पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरायच्या. "भाऊ, हा आवाज कसला?"

"खडीचा, बाई."

"नक्की?"

त्यांची भीती हळूहळू सगळ्यांना लागली. बाई उठून "चला" म्हणाल्याशिवाय कुणी आत पाय ठेवीना. बाई गप्प राहिल्या की माणसं मागच्या जीपकडे वळायची. मी मनातून चिडायचो.

टायर बदलायची वेळ आली तेव्हा मी महाडहून जुनेच आणले. नक्षी झकास होती. तारीख मात्र फार मागची होती. ती मला वाचता आली, कारण बाईंनीच शिकवलं होतं. तारीख टायरच्या एकाच बाजूला असते. गॅरेजवाल्याला मी म्हटलं, "ही बाजू आत घाल." त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि घातली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी टायर पुसला, पुन्हा पुसला. "भाऊ, आकडे कुठं गेले?"

"आतल्या बाजूला, बाई. बसवणाऱ्यानं उलटे घातले. मी बघितलंय ना, नवे हायत."

त्या खाली वाकून आत डोकवायला गेल्या. गुडघा दुखला असावा. उठल्या, हात झटकले. "तू बघितलंस म्हणजे झालं," म्हणाल्या, आणि लोकांकडे वळून, "चला गो, बसा."

त्या दिवसापासून दांडा न धरता त्या बसू लागल्या. आणि स्टेअरिंग धरलेले माझे हात घामानं ओले होऊ लागले. खडीचा आवाज आता मला ऐकू येत होता.

वैशाखातल्या दुपारी, भरलेली गाडी घेऊन उतरताना मागचा टायर फुटला. गाडी दरीकडे ओढली गेली. समोर रस्ता नव्हताच, नुसतं ऊन होतं. कडेला टाकलेल्या मातीच्या ढिगात चाक रुतलं म्हणून थांबलो. मागे बाया रडत होत्या. बाई दारातून खाली पडल्या होत्या.

"कुठनं आणलास रे हा टायर? बोल!" एकानं माझी कॉलर धरली. दोघांनी चाक काढून रस्त्यावर टाकलं. आतली बाजू वर.

बाई लंगडत आल्या. बाटली सांडली होती. कोरड्या पदरानंच त्यांनी कड पुसली. बोट चार आकड्यांवर जाऊन थांबलं, आणि खूप वेळ तिथंच राहिलं.

"बाई, काय लिवलंय?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेचं वर्णन मला जमणार नाही.

"नवाच हाय," त्या म्हणाल्या. "दगड लागला आसंल. सोडा त्याला."

त्यानंतर बाई कुठल्याच जीपमध्ये बसल्या नाहीत. एसटीनं उमरठपर्यंत यायच्या आणि दुखऱ्या गुडघ्यानं पुढं चढायच्या. मी शेजारी गाडी हळू केली की बांधाला पाठ लावून उभ्या राहायच्या, गाडी निघून जाईपर्यंत. रागानं नव्हे. त्या मला भ्यायच्या.

पुढं काही वर्षांनी कळलं की बाई गुडघ्यांसाठी महाडजवळच्या सव गावी गरम पाण्याच्या झऱ्यावर येतात. मी मुद्दाम गेलो. त्या पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या.

"भाऊ, कशानं आलास?"

"एसटीनं."

"बरं केलंस," त्या हसल्या, आणि थोडं सरकून त्यांनी मला जागा दिली.

मी बसलो. वाक्य ओठापर्यंत आलं होतं. "पाणी लय गरम हाय," एवढंच म्हणालो.

गेल्या थंडीत बाई गेल्या. ते वाक्य अजून तसंच आहे: बाई, बसवणाऱ्याची चूक नव्हती. तारीख आत घाल म्हणून मीच त्याला सांगितलं होतं. मला माफ करा.