खिळे ठोकलेली खिडकी

बायको गेल्यापासून मला उदबत्ती सोसत नाही. दहाव्याला लोकांनी पुडेच्या पुडे लावले, मी उठून बाहेर बसलो. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं म्हणाले. फिरलं नाही. आता ऐका.

बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारास मी कोपरगावात बॅटऱ्या चार्ज करायच्या दुकानात होतो. ट्रक-ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या मागच्या खोलीत मांडायच्या, झाकणं काढायची, करंट सोडायचा. पाणी उकळल्यागत बुडबुडे येतात, त्यातून गॅस निघतो. ठिणगी मिळाली की फुटतो. त्याला हायड्रोजन म्हणतात हे फार उशिरा कळलं, पण बॅटरी फुटलेली आम्ही पाहिली होती. म्हणून त्या खोलीत बिडी बंद. आणि शेठनं तिथली एकुलती खिडकी फळी ठोकून बंद केलेली!

“शेठ, गॅस कोंडतोय.”

“तुला दिसतो व्हय रं गॅस? मला चोर दिसत्यात.”

खंडेनवमीला हत्यारांची पूजा. शेठीण माहेरी, म्हणून आरतीला माझ्या बायकोला बोलावलं. मी म्हणालो, घटकाभर करंट बंद करतो. शेठ खवळला. “सणाच्या दिशी चालती लक्ष्मी बंद करतो? तोंड लई चालतं तुझं.”

बिडी चालत नाही, पण देवाची उदबत्ती चालते, हे त्याचं शास्त्र. त्यानंच बॅटऱ्यांच्या उघड्या तोंडांवर झेंडूच्या माळा घातल्या आणि पेटती उदबत्ती तिच्या हातात दिली. ती वाकली अन् धाडकन बॅटरी फुटली. ॲसिड तोंडावर. मी घागर ओतली, दवाखान्यात पळवलं. डावा डोळा गेला तो गेलाच.

शेठ म्हणाला, “पूजेत कायतरी चुकलं.” म्हणजे तिचं चुकलं! फळी तशीच. वर्षभर बोंबललो. दगडाला तरी पाझर फुटला असता.

पुढच्या नवमीला त्यानं पुन्हा तिलाच बोलावलं. अर्धी राहिलेली पूजा तिच्याच हातानं पुरी व्हावी, म्हणे. मी नको म्हणत होतो, तरी ती गेली. ताट घेऊन उंबऱ्यातच थांबली.

“या वहिनी, आत या.”

“आधी फळी काढा.”

“सवाष्णीनं सणाला आडून बसू न्हाई.”

“येक डोळा तुमच्या लक्ष्मीला वाहिला, शेठ. दुसरा मला भाकरी थापायला लागतो.”

जमलेले ड्रायव्हर फिस्सकन हसले. शेठनं मुकाट खिळे उपसले, बटण बंद केलं. मग तिनं ओवाळलं.

दसरा उरकून कामावर गेलो, तर फळी परत जागेवर. खिळे नवे. मी तसाच मागं फिरलो.

“ठोकली न्हवं परत?” चुलीपुढून तिनं विचारलं.

मी पायताण काढून चुलीपाशी बसलो.

“मग बरं केलं आलात ते,” म्हणाली, आणि भाकरी वाढली.